रत्नागिरीहून नागपूरला स्थलांतर: कोरड्या उन्हाळ्याची तयारी कशी करावी?

प्रश्न: मिऱ्याकाठ

नमस्कार. यजमानांची बदली नागपूरला झाली असून मार्चच्या अखेरीस आम्ही सर्वजण तिकडे राहायला जाणार आहोत. घरात आम्ही दोघे, पाच वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहोत. सासूबाईंना रक्तदाबासाठी रोज गोळ्या आणि मधुमेहासाठी इन्सुलिन घ्यावे लागते.

आमचे सगळ्यांचे आयुष्य समुद्राकाठी गेले आहे. उन्हाळा म्हणजे घामाने चिकट झालेले अंग, दुपारी समुद्रावरून येणारा वारा आणि मेच्या शेवटी पावसाकडे लागलेले डोळे, एवढेच आम्ही जाणतो. इथे मे महिन्यातही पारा ३३-३४ अंशांच्या पुढे फारसा चढत नाही. नागपूरबद्दल विचारले, तर परस्परविरोधी उत्तरे मिळतात. काहीजण म्हणतात की तिथला उन्हाळा कोरडा असल्यामुळे कोकणातल्या घामापेक्षा पुष्कळ सुसह्य असतो, तर काहीजण सासूबाईंना निदान पहिल्या उन्हाळ्यात तरी नेऊच नका, असे बजावतात. आकड्यांत दहा-बारा अंशांचा फरक असताना तो उन्हाळा सुसह्य कसा असेल, हे मला समजत नाही. आणि तो सुसह्य असेल, तर दरवर्षी उष्माघाताच्या बातम्या तिकडून का येतात, हेही समजत नाही.

घर अजून ठरायचे आहे. कूलर घ्यावा की वातानुकूलन यंत्र, इन्सुलिन कसे सांभाळावे, मुलाला कोणत्या वेळी बाहेर सोडावे, अशा रोजच्या गोष्टींबद्दल तिथे राहणाऱ्यांनी सविस्तर लिहिले तर फार मदत होईल.

उत्तर: धरमपेठ

नागपुरात आपले स्वागत आहे. माझा जन्म इथलाच आहे, त्यामुळे इथल्या घरांत पाळल्या जाणाऱ्या गोष्टीच सांगतो.

सर्वांत आधी दिवसाचे वेळापत्रक बदलावे लागेल. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बाजारहाट, बँक, दवाखाना, जे काही असेल ते सकाळी दहाच्या आत उरकावे किंवा संध्याकाळी सहानंतर करावे. दुपारी बारा ते चार या वेळेत शहर अक्षरशः ओस पडते. उन्हात वाहनचालकांना ताटकळावे लागू नये म्हणून काही चौकांतले सिग्नल भर दुपारी बंद ठेवले जातात, तर काही ठिकाणी सिग्नलपाशी हिरव्या जाळ्यांचे छत बांधलेले असते. शाळासुद्धा विदर्भात उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा मुलाच्या प्रवेशाच्या तारखा रत्नागिरीच्या हिशेबाने धरू नका.

कोकणात दुपारी वारा यावा म्हणून खिडक्या सताड उघडतात. इथे नेमके उलट करावे लागते. पहाटे साडेचार-पाचला सगळी दारे-खिडक्या उघडून घर गार करून घ्यायचे, ऊन तापू लागले की बंद करायची, आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर जाड पडदे, शक्य असल्यास बाहेरच्या बाजूने वाळ्याचे किंवा बांबूचे पडदे सोडायचे. दुपारचा वारा इथे झळ घेऊन येतो.

बाहेर पडताना डोके, कान आणि चेहरा सुती दुपट्ट्याने पूर्ण झाकून घ्यावा. पुरुषही दुपट्टा बांधतात, त्यात कोणाला काही वेगळे वाटत नाही. पूर्ण बाह्यांचे, सैल, सुती कपडे घालावेत. उकाडा आहे म्हणून बिनबाह्यांचे कपडे घालण्याची समुद्राकाठची सवय इथे उपयोगाची नाही. उघडी कातडी भाजते. जेवणात कच्चा कांदा, ताक, कैरीचे पन्हे आणि बेलाचे सरबत रोज असावे. उपाशीपोटी घराबाहेर पडायचे नाही, हा नियम इथल्या प्रत्येक आजीने घालून दिलेला आहे.

कूलरबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. तो खोलीच्या आत ठेवून दार लावून घेतले, तर अर्ध्या तासात खोली कोंदट होते. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवावा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल, आणि समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार वीतभर उघडे ठेवावे, म्हणजे ओलसर हवा बाहेर निघून जाईल. ताट्या दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला नव्या घालाव्यात. क्षार साचून कडक झालेल्या ताट्यांतून पाणी झिरपत नाही आणि मग लोक कूलरला दोष देतात. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण पहिल्यांदा पाणी सुटल्यावर घरभर जो सुवास पसरतो, त्यासाठी निदान एका खोलीला तरी त्या लावाव्यात, असे मला मनापासून वाटते. लोखंडी कूलर असेल, तर अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय वापरू नका आणि पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढा. विजेच्या धक्क्याने माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि लहान मुलाचा हात तिथपर्यंत पोहोचतोच.

उत्तर: वारा आणि वाफ

हवामानशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. आपल्याला मिळालेली दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि ती एकाच वेळी खरी का आहेत हे समजले, तर पुढची तयारी करणे सोपे जाईल.

शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचा आपला मुख्य मार्ग घाम हा आहे, पण गारवा घाम येण्याने मिळत नाही, तो वाळण्याने मिळतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर शरीरातली सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. तोच घाम निथळून खाली पडला, तर काहीही साधत नाही. हवा किती गार करू शकते हे पाहण्यासाठी तापमापकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून त्यावर वारा घालतात. पाणी वाळता वाळता पारा खाली येतो आणि एका ठिकाणी थांबतो. नागपुरात दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर हा ओला पारा साधारण २२ ते २३ अंशांवर थांबतो. रत्नागिरीत ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना तो २८ च्या आसपासच थांबतो. म्हणजे साध्या तापमापकावर नागपूर ११ अंशांनी अधिक तापलेले आहे, पण ओल्या तापमापकावर ते पाच अंशांहून अधिक गार आहे. ‘कोरडा उन्हाळा सोसतो’ असे म्हणणारे या दुसऱ्या आकड्याविषयी बोलत असतात.

कूलरचे यशापयशही याच आकड्यावर ठरते. चांगला कूलर कोरडा पारा आणि ओला पारा यांच्यातले सुमारे ८० टक्के अंतर कापतो. त्या हिशेबाने नागपुरातल्या ४४ अंशांच्या दुपारी तो २७ अंशांच्या जवळपासची हवा देऊ शकतो. रत्नागिरीत त्याच कूलरमधून २९ अंशांची, पाण्याने जड झालेली हवा येईल. किनाऱ्यावरच्या घरांत कूलर का रुळला नाही, याचे कारण हेच आहे.

आता दुसरी बाजू. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गार असेल तोवर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा ४४ अंशांची झाली, की तोच वारा अंगात उष्णता भरू लागतो. अशा वेळी शरीराला वाचवणारी एकमेव गोष्ट घाम असते, आणि घामासाठी पाणी लागते. कोरड्या हवेत घाम येता क्षणी वाळून जातो, कपडे भिजत नाहीत, कपाळ पुसावे लागत नाही, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले याचा पत्ताच लागत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला घाम ही धोक्याची सूचना म्हणून ठाऊक असते. नागपुरात ती सूचना मिळणार नाही. आपण ज्या दोन उत्तरांमध्ये अडकला आहात, त्यांच्यातला दुवा माझ्या मते हाच आहे: पाणी आणि सावली मिळत राहील तोवर कोरडी उष्णता दमट उष्णतेपेक्षा सौम्य असते, आणि पाणी संपले की ती झपाट्याने जीवघेणी होते.

दमट उष्णता कमी आकड्यावरही घात करते, हेही विसरू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने अनेकांचे प्राण गेले, तेव्हा त्या भागातले तापमान चाळीस अंशांच्या आतच होते. म्हणून कोकणात राहणाऱ्यांनी नागपूरचे आकडे पाहून स्वतःला सुरक्षित समजू नये.

नागपूर इतके का तापते? ते दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर आहे, त्यामुळे दुपारचा समुद्री वारा तिथवर पोहोचत नाही. एप्रिल-मेमध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेशाकडून येणारे वायव्येचे वारे तापलेल्या कोरड्या जमिनीवरून वाहत येतात. पिके निघालेली असतात, मातीत ओल उरलेली नसते, त्यामुळे सूर्याची उष्णता पाणी वाळवण्यात खर्च न होता थेट जमीन आणि हवा तापवण्यात जाते. शिवाय मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे नऊ दिवस, म्हणजे साधारण २५ मेपासून पुढचे दिवस, विदर्भात नवतपा म्हणून मोजले जातात. या नऊ दिवसांतच वर्षातला उच्चांक येतो असे मात्र नाही. ढग आले किंवा वादळी पाऊस झाला तर नवतपा थंड जातो आणि एप्रिलची अखेर त्याहून कडक निघते. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, ते नवतपा सुरू होण्यापूर्वी.

इशाऱ्यांच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवावा. भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट ठरवताना सरासरीपासूनचे अंतर पाहतो. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश आणि किनारपट्टीवर निदान ३७ अंश असावे लागते, आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते. किंवा मग पारा सरळ ४५ वर पोहोचावा लागतो. मे महिन्यात नागपूरची सरासरीच ४२-४३ अंशांच्या घरात असल्यामुळे ४४ अंशांचा दिवस तिथे लाट ठरत नाही. तिथे वाढलेल्या माणसाला तो नेहमीचा दिवस वाटतो, पण तुमच्या शरीराला तो नेहमीचा नसेल. निदान पहिल्या वर्षी लाटेच्या घोषणेची वाट न पाहता पारा ४० वर गेला, की पूर्ण काळजी घ्यावी.

उत्तर: कक्ष क्रमांक तीन

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि उन्हाळ्यात उष्माघात कक्षात काम केलेले आहे. वरच्या उत्तरात घामाबद्दल जे लिहिले आहे, ते आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या तोंडून नेहमी ऐकायला मिळते: ‘घाम तर येत नव्हता, मग पाणी कसे कमी पडले?’

सासूबाईंच्या बाबतीत निघण्यापूर्वीच त्यांच्या डॉक्टरांना भेटा. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकतात, त्यामुळे उन्हाळ्यात मात्रा बदलावी लागू शकते. हा निर्णय डॉक्टरांचाच असू द्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. वयोमानाप्रमाणे तहानेची जाणीव मंदावते, म्हणून ‘लागेल तेव्हा देऊ’ असे म्हणून चालत नाही. त्यांच्यासाठी एक वेगळी बाटली ठेवा, म्हणजे दिवसभरात किती पाणी पोटात गेले ते घरातल्या कोणालाही दिसेल. मधुमेह असल्याने गोड सरबते टाळा. ताक आणि लिंबू-मीठ-पाणी चालेल, पण मिठाचे प्रमाण रक्तदाबामुळे डॉक्टरांना विचारून ठरवा. लघवीचा रंग गडद पिवळा दिसू लागला, तर पाणी कमी पडत आहे, असे समजा.

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. वापरात असलेली कुपी किंवा पेन इतर ठिकाणी खोलीत ठेवता येते, परंतु नागपूरच्या मे महिन्यात खोलीचे तापमान ३० अंशांच्या खूप वर जाते, म्हणून तेही फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवावे. वीज जाण्याची शक्यता असेल, तर एका मोठ्या मातीच्या भांड्यात वाळू घालून ती पाण्याने भिजवावी, त्यात लहान मडके बसवावे आणि कुपी प्लास्टिकच्या डबीत बंद करून त्या मडक्यात ठेवावी. वर ओले फडके घालून भांडे सावलीत, वारा लागेल असे ठेवावे. कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो. प्रवासात इन्सुलिन उभ्या मोटारीत एक क्षणही विसरू नका.

अंग तापलेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा ग्लानीत गेला, तर तो उष्माघात समजावा. त्या वेळी तापाची गोळी उपयोगाची नसते. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका: सावलीत न्या, कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओतत पंख्याने वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पहिल्या काही मिनिटांत शरीर किती लवकर गार होते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

मुलाच्या बाबतीत एवढेच सांगते की नव्या हवेला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तुम्ही मार्चअखेरीस जात आहात हे चांगले आहे. मेच्या मध्यावर गेला असता, तर शरीराला तेवढी उसंत मिळाली नसती.

उत्तर: फणसाचे कपाट

मी मूळची राजापूरची, आता अनेक वर्षे विदर्भात आहे. आरोग्याचे सर्वांनी लिहिले आहेच, म्हणून घरातल्या इतर गोष्टींबद्दल थोडे लिहिते.

लाकडी सामान आणणार असाल, तर विचार करून आणा. आमचे फणसाच्या लाकडाचे कपाट गावी असताना आषाढ-श्रावणात इतके फुगायचे की दार उघडायला दोन माणसे लागायची. इकडे आणल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये त्याच्या दोन फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट पडली. पेटी, तबला, तंबोरा घरात असेल, तर तो कूलरच्या झोतात किंवा उन्हाच्या भिंतीलगत ठेवू नका.

वाळवणाची मात्र इथे चंगळ आहे. सकाळी घातलेल्या कुरड्या आणि साबुदाण्याच्या पापड्या संध्याकाळी खडखडीत वाळलेल्या असतात. मिठाला पाणी सुटत नाही, बिस्किटे सादळत नाहीत, कपडे तासाभरात वाळतात, चामड्याच्या चपलांना बुरशी येत नाही. याउलट ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि मुलांच्या नाकाचा घोळणा फुटतो. रात्री नाकपुड्यांना आतून थोडे खोबरेल तेल लावले, तर आराम पडतो. आमसुले भरपूर आणा. कोकमाचे सरबत इथेही तितकेच उपकारक आहे आणि इकडच्या बाजारात गावच्यासारखे आमसूल मिळत नाही.

उन्हाळा संपला म्हणजे सुटलो, असे समजू नका. जूनच्या मध्यानंतर पाऊस आला, की हवा दमट होते आणि कूलर निरुपयोगी ठरतो. दोन पावसांमधल्या उघडिपीत जो उकाडा होतो, तो आपल्या कोकणातल्या माणसालाही नकोसा वाटतो. एवढे सगळे गरम कपडे कशाला, असे आता वाटेल, पण डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि सासूबाईंना खऱ्या लोकरीची गरज पडेल.

मिऱ्याकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना उत्तरे वाचून दाखवली. वाळूतल्या मडक्याची कल्पना त्यांना फार आवडली आणि त्या आमच्याबरोबरच येणार, हे आता नक्की झाले आहे. घराविषयी एक शंका उरली आहे. दोन सदनिका पाहिल्या आहेत. एक सर्वांत वरच्या, चौथ्या मजल्यावर आहे. ती हवेशीर आणि भाड्याने स्वस्त आहे. दुसरी पहिल्या मजल्यावर, थोडी अंधारी, पूर्वेकडे तोंड असलेली आणि महाग आहे. रत्नागिरीत मी डोळे मिटून वरची घेतली असती. वारा आणि वाफ यांनी जे सांगितले, ते पाहता पहिल्या मजल्यावरची घ्यावी का? आणि कूलरबरोबर वातानुकूलन यंत्रही लागेल का?

उत्तर: धरमपेठ

पहिल्या मजल्यावरचीच घ्या. वरच्या मजल्याचे छत दिवसभर तापते आणि रात्री एक-दोन वाजेपर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहते; मेमध्ये तिथल्या नळाला सकाळी नऊनंतर गार पाणी येत नाही. स्वस्त असण्याचे कारणही तेच असावे. अंधारी असणे हा इथे गुण आहे. फक्त कूलर लावता येईल अशी बाहेर उघडणारी खिडकी आणि तिच्या समोर हवा जायला दुसरी वाट आहे ना, हे स्वतः पाहून घ्या, आणि कूलरच्या टाकीत दिवसातून दोन-तीनदा पाणी भरावे लागत असल्याने नळाला पाणी किती वेळ असते, हे शेजाऱ्यांना विचारा.

वातानुकूलन यंत्र सासूबाईंच्या खोलीपुरते असावे, असे माझे मत आहे. मेमध्ये कूलरवर भागेल, पण जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत त्यांना दुसरा आधार राहणार नाही. कूलर आणि ते यंत्र एकाच खोलीत एकदम चालवू नका. एक हवा ओली करतो आणि दुसरे ती कोरडी करण्यात वीज जाळते. पाऊस सुरू झाला की कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, कोरडी ठेवा. उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा सगळे पाणी काढून टाकी घासावी लागते, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतात.